आत्याबाईंचे पांढरे सुळे

आत्याबाई कात टाकत होत्या आणि डॉक्टर हात पाठीमागे बांधून बघत होते. हात बांधायची ताकीद लेकीची. "बाबा, ती उताणी पडेल, मेल्यासारखी दिसेल. तुम्हाला वाटेल, आपण काहीतरी करावं. काही करू नका."

आत्याबाई म्हणजे कोणी नातेवाईक नव्हे. लेकीने पाळलेली ती टॅरँट्युला, तळहाताएवढा केसाळ कोळी. नाव ठेवलं होतं डॉक्टरांच्या बहिणीवरून. दोघीही कोपऱ्यात बसून घरावर नजर ठेवणार आणि कोणी जवळ गेलं की अंगावर येणार. खऱ्या आत्याला हे अजून कळलेलं नव्हतं, आणि कळेल तो दिवस उगवू नये अशीच घरात सगळ्यांची इच्छा होती.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या घरमालकाला कोळी चालेना, म्हणून काचेची पेटी बापाकडे आली. त्याआधी तिचा फोन यायचा तो आईला, बापाच्या वाट्याला "बरे आहात ना?" एवढंच. आता रोज संध्याकाळी फोन थेट डॉक्टरांना. आत्याबाई जेवल्या का, पाणी प्यायल्या का, कुठे बसल्या. चौकशी सगळी कोळ्याची, पण फुलायचे डॉक्टर. पेशंट तोंडाचा आ वासून पडलेला असला तरी ते फोन घ्यायला बाहेर जात.

हे डॉक्टर दातांचे. वाकडे दात सरळ आणि पिवळे दात पांढरे करण्यात त्यांची हयात गेली. दवाखान्यात ठळक पाटी होती: काहीही झालं तरी आधी फोन करा, घरच्या घरी उपाय करू नका. पाटी कोणी वाचत नसे. दाताची तार तोडून आलेला प्रत्येक जण शपथेवर सांगे, "काही नाही हो डॉक्टर, दूध पीत होतो, आपोआप तुटली." तारेत मात्र पेनाच्या टोपणाचा तुकडा अडकलेला असायचा. असल्या लोकांच्या नकला करून डॉक्टरांनी कितीतरी पंगती हसवल्या होत्या.

तर त्या रविवारी दुपारी आत्याबाई जुन्या कातेतून सुखरूप बाहेर आल्या आणि दमून पडल्या. अंग नवं, मखमली. डॉक्टर आता निमूट उठून गेले असते. पण तेवढ्यात त्यांना सुळे दिसले. एरवी काळेकुट्ट असलेले ते दोन सुळे कात टाकल्यावर पांढरेशुभ्र झाले होते. असे दात उभ्या जन्मात एकाही पेशंटला देणं त्यांना जमलं नव्हतं. हात शिवशिवायला लागले.

"नुसता आरसा लावून बघतो," असं स्वतःलाच सांगत त्यांनी बॅगेतून दात बघायचा आरसा काढला. आरसा आत जाईना, कारण मध्ये पाय. पाय जरा बाजूला करावा म्हणून चिमटा. आता नुकती कात टाकलेल्या कोळ्याचा पाय उकडलेल्या अंड्यासारखा मऊ असतो. आत्याबाईंनी हिसका दिला, चिमटा लागला आणि सांध्यातून निळसर पाण्याचा थेंब आला. डॉक्टरांनी तो टिपला. दुसरा आला.

ते पाणी म्हणजे आत्याबाईंचं रक्त. त्याच्याच जोरावर त्यांचे पाय चालतात, आणि ते वाहून गेलं की कोळी मुडपून मरतो, हे लेकीने सांगितलेलं होतं. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याबाई गेल्या तर संध्याकाळचा फोनही जाणार. पुन्हा आपलं "बरे आहात ना?" नको, ते नको.

"अहो, मेली का?" बायको झोपेतून उठून दारात आली. तिच्या आवाजातली आशा लपत नव्हती.

डॉक्टरांनी लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून पेटीशेजारी ठेवला. "काही नाही गं. कात छान पडली. फक्त पायातून जरा पाणी येतंय. आपोआप."

"आपोआप कसं येईल? पायाला जुनी कात अडकलीय का?"

सुटायला दार सापडलं. "हो. तसंच दिसतंय."

"मग पाय वाचत नाही, बाबा." लेकीचा आवाज कापरा झाला. "चिमट्याने पाय मुळाशी धरा आणि एक झटका द्या, ती स्वतःच सोडून देईल. नवा येईल पुढे. पण आत्ता इतकी मऊ आहे, सोसलं नाही तर..."

डॉक्टरांनी तोच चिमटा उचलला. आत्याबाईंनी पुढचे पाय उगारले, गळता पायसुद्धा. डॉक्टरांची दातखीळ बसली.

"अहो, बोला की काहीतरी!" बायको म्हणाली.

"थांब," डॉक्टर फोनमध्ये म्हणाले. "कात नाही अडकलेली. माझा चिमटा लागला. मला तिचे सुळे बघायचे होते."



"सुळे?" लेकीने विचारलं.

"पांढरेशुभ्र आहेत गं," डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले.

"पाय तोडू नका. घरात कॉर्नफ्लोअर आहे का?"

आजवर त्या खोलीचा उंबरा न ओलांडलेली बायको डबा घेऊन थेट पेटीपाशी आली. लेक सांगत गेली, डॉक्टर करत गेले. कापसाच्या काडीने हलकेच टिपायचं, चिमूटभर पीठ फक्त जखमेवर दाबायचं, तोंडाजवळ आणि पोटाखाली कणही जाऊ द्यायचा नाही. पीठ भिजलं. पुन्हा लावलं, पुन्हा भिजलं. मग कधीतरी ते कोरडं राहिलं. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरला, पेशंटच्या ओठांना लावतात तीच.

"पाण्याची वाटी भरून ठेवा. सुळे अजून मऊ आहेत, ते काळे होऊन कडक होईपर्यंत खायला किडा टाकू नका, तोच तिला चावेल."

जन्मभर दात पांढरे करणारे डॉक्टर आता दात काळे व्हायची वाट बघणार होते.

"बाबा, पेशंट खोटं बोलला की तुम्ही काय करता?"

"झापतो. आणि पुढची वेळ देतो."

"झापेन सावकाश. उद्या संध्याकाळी फोन करते. सुळ्यांचा रंग सांगा. खरा."

डॉक्टरांनी मान डोलावली, चिमटा बायकोच्या हातात दिला आणि हात पुन्हा पाठीमागे बांधले.