मंडळावरचे मामा

आपल्या भाचीचं नाव पुकारलं जाताच मामांनी खुर्ची मागे सारली, टोपी उचलली आणि कुणाकडे न बघता ते खोलीबाहेर पडले. दारातच दोघांची गाठ पडली. ती हसली. मामांनी भिंतीकडे पाहिलं.

लष्करी अकादमीच्या निवड मंडळावर असलेल्या माणसानं घरच्या उमेदवाराच्या मुलाखतीला बसायचं नाही, असा नियम होता. मामांनी त्यात पदरचे आणखी चार घातले होते. भाची त्यांच्याच घरात लहानाची मोठी झालेली, पण तिनं अर्ज भरल्यापासून त्यांनी तिच्यापुढे अकादमीचं नाव काढलं नव्हतं. जेवताना तिनं विषय काढलाच, तर ते मीठ मागत.

"अहो, मीठ खाऊन रक्तदाब वाढवाल," मामी म्हणायच्या, "पण पोरीशी दोन शब्द बोलणार नाही!"

व्हरांड्यातल्या बाकावर पुढची उमेदवार बसली होती. किरकोळ अंगाची मुलगी, हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मामांनी स्वतःला बजावलं, गप्प बसायचं. पण उभा जन्म लष्करात नव्या पोरांना घडवण्यात गेलेला, जित्याची खोड कुठे जाणार?

"पाणी पी थोडं."

"नको, सर." ती जराशानं म्हणाली, "सर, मला एखादं उत्तर आलंच नाही तर?"

"तर 'माहीत नाही' म्हणायचं. डोळ्यांत बघून, खणखणीत. काही आभाळ कोसळत नाही."

तेवढ्यात भाची खुशीत बाहेर आली आणि मामा आत गेले.

बाकावरच्या मुलीची मुलाखत बरी चालली होती, फार काही उजेड पडत नव्हता. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांचा शेवटचा प्रश्न दरवर्षी वेगळा असे आणि त्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसे. उमेदवार थाप मारतो का, एवढंच त्यांना बघायचं असे.

"या इमारतीला खिडक्या किती?"

मुलीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"माहीत नाही, सर!"

आवाज इतका मोठा होता की शिपायानं दार उघडून आत डोकावलं. अध्यक्ष खूश झाले. मामांना मात्र बाकावरचं बोलणं आठवलं. घरच्या पोरीला वर्षभर वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं, आणि नेमकी गोम सांगून बसले होते परक्या पोरीला.

संध्याकाळी यादी करायला मंडळ बसलं. गेल्या वर्षीच्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुलं लष्करी घरांतली होती आणि ते अध्यक्षांना सलत होतं. "सगळी एकाच साच्यातली झाली, तर सगळी एकाच चुकीला फसतील," असं ते म्हणत. सरतेशेवटी एकच जागा उरली आणि नावं दोन. एक भाचीचं, दुसरं त्या मुलीचं. तिच्या घरात वर्दी अजून कुणी घातली नव्हती.

मामांना पुन्हा बाहेर जायचं होतं. ते उठले, पण पाय निघेना. खरं सांगावं, तर मुलीचे गुण जाणार आणि जागा घरात येणार. गप्प बसावं, तर मंडळाशी खोटेपणा. आणि आत कुठेतरी, जागा घरात यावी असं त्यांना फार फार वाटत होतं, त्याचीच त्यांना लाज वाटली.

"साहेब, तिला ते उत्तर मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "बाहेर, बाकावर. घाबरली होती, तोंडातून गेलं. आता तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

 अध्यक्ष हसायला लागले.

"मेजर, हे तर शिकवणीवालेही सगळ्यांना पढवून पाठवतात. पण इथे बसल्यावर म्हणवत नाही कुणाच्यानं. सांगितलेलं ऐकणारं एक पोर मिळालंय, तर मी सोडू होय?" त्यांनी यादी पुढे ओढली. "तुमच्या भाचीलाही तोच प्रश्न होता. बेचाळीस म्हणाली. वर म्हणते कशी, येतानाच मोजल्या, सर. मागची बाजू तर येताना दिसतच नाही!"

 मामांच्या घरात 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. लहानपणी ती तसं म्हणाली की ते तिला ताटावरून उठवून पुस्तकांच्या कपाटाकडे पाठवत. पोरगी आपली बिचारी ताट निवायच्या आत काहीतरी ठोकून द्यायला शिकली होती. ते टोपी घेऊन बाहेर गेले.

यादी लागली त्या दिवशी भाची स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. रडून झालं होतं.

"पुढच्या वर्षी परत बसणार मी," ती म्हणाली. "मामा, कुठे चुकले, एवढंच सांग ना."

मामींनी मिठाची बरणी उचलून मुकाट्यानं मामांच्या पुढ्यात ठेवली.

मामांनी ती बाजूला सारली.

"आतल्या गोष्टी मला कधीच सांगता यायच्या नाहीत," ते म्हणाले. "पण अध्यक्षांना आज कळवून आलो. पुढच्या वर्षी मंडळावर दुसरं कुणी बघा म्हटलं."

"का?" भाचीनं दचकून विचारलं. "तुझा तर जीव आहे त्यात!"

"घरी काम आहे म्हटलं." मामांनी समोरची खुर्ची तिच्यासाठी ओढली. "बस."