रिकामी धडधड

वायरमनच्या खिशातला फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. मला खटकायला सुरुवात झाली ती तिथून.

मी या घराचा जनरेटर. मला टेम्पोतून उतरवून मागच्या अंगणात ठेवलं, त्या दिवसापासूनचं सांगतोय. वायरमन माझ्या खोक्याच्या पट्ट्या कापत होता. फोन वाजला की तो खिशातून काढायचा, नंबर बघायचा, "कोण आहे कोण जाणे" म्हणायचा आणि परत खिशात सरकवायचा. मागच्या दारात या घरची मुलगी उभी होती. तिची नजरही त्या खिशावरच होती. या घरात माझ्यासारखं संशयी आणखी कोणीतरी आहे, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

तिला घरात 'दचकी' म्हणतात. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातलं पुस्तक पडतं. पदवी मिळाली आहे, नोकरी शोधते आहे, आणि उरलेला वेळ आईच्या खोलीच्या दाराशी कान लावून काढते. आजारपणानंतर आईची फुप्फुसं कमजोर झाली आहेत. पलंगाशेजारी एक मशीन हवेतून ऑक्सिजन गोळा करून नळीने आईला देतं. ते विजेवर चालतं. म्हणून मी.

दुकानात मला निवडायला ती आणि बाबा आले होते. बाबा आल्याआल्या म्हणाले, "अख्खं घर चाललं पाहिजे. पंप, फ्रीज, एसी, सगळं." विक्रेत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, हा एकटा सगळं पेलतो. वीज गेली की आपोआप सुरू. तुम्ही चहाचा कप खाली ठेवायच्या आत दिवे परत."

"आणि नाही लागले तर?" दचकीने विचारलं.

"ताई, असं होतच नाही."

"पण झालं तर?"

विक्रेता हसला. ते हसणं मलाही आवडलं नाही. मी दुकानात बराच काळ उभा होतो. त्या हसण्यामागे उत्तर नसतं, हे मला ठाऊक होतं.

बसवायच्या दिवशी पहिला खटका जागेवरून उडाला. वायरमनने खडूने चौकोन आखला तो नेमका आईच्या खिडकीखाली. केबल कमी लागते म्हणे.

"धूर कुठे जाणार?" दचकी.

"वर जातो, ताई."

"आणि खिडकी कुठे आहे?"

वायरमनने वर बघितलं. मग पायानेच खडू पुसला. शेवटी अंगणाच्या पार टोकाला, कुंपणापाशी माझ्यासाठी सिमेंटचा ओटा बांधला. बाबा कुरकुरले, "हिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही."

माझ्यापासून घरापर्यंत केबल गेली आणि जिन्याखाली भिंतीवर एक पत्र्याची पेटी बसली. वीज बाहेरून घ्यायची की माझ्याकडून, हे ती पेटी ठरवते. मी कितीही चाललो तरी त्या पेटीने आतून 'खट्' असा आवाज करून दार उघडल्याशिवाय माझी वीज घरात शिरत नाही. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, माहितगार माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

मग चाचणीची वेळ आली. वायरमन म्हणाला, "मेन बंद करून बघू या का? आतलं मशीन जरा वेळ थांबेल."

"छे छे!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "ते मशीन थांबवायचं नाही. तू असाच सुरू करून दाखव."

वायरमनने असंच सुरू केलं. मी धडधडलो. बाबा धावत आत गेले आणि खिडकीतून ओरडले, "लागले! सगळे दिवे लागले!"

"बाबा," दचकी म्हणाली, "ते आधीपासूनच लागलेले होते."

बाबांचा चेहरा क्षणभर पडला. मग ते म्हणाले, "अगं, आवाज तर बघ किती दमदार आहे!"

मी मात्र अस्वस्थ होतो. माझ्या अंगावर काहीच ओझं आलं नव्हतं. फ्रीज नाही, पंखा नाही, साधा एक दिवासुद्धा नाही. रिकामी बादली हलवावी तसा मी हलत होतो. आणि 'खट्' झालं नव्हतं. मी ते ऐकायला टपून बसलो होतो, म्हणून खात्रीने सांगतो. पण मला तोंड नाही. आहे ती फक्त धडधड, आणि ती ऐकून लोकांना धीर येतो.

वायरमन हत्यारं गोळा करायला लागला तेव्हा दचकी त्याच्या आडवी आली. "फोन काढा. माझा नंबर घाला."

"पावतीवर आहे ना, ताई."

"पावती बघून तुम्ही फोन उचलता का? सकाळपासून एकही उचललेला नाही. माझ्यासमोर घाला. आणि माझं नाव नको. 'आईचा ऑक्सिजन' असं लिहा."

तो खजील होऊन हसला, पण त्याने लिहिलं. तिने मान वाकडी करून वाचून घेतलं.

त्यानंतर दर आठवड्याला मी ठरल्याप्रमाणे आपोआप थोडा वेळ चालायचो. इंजिन आखडू नये म्हणून असं करतात. दर वेळी दचकी दचकायची, दर वेळी बाबा पेपर खाली करून म्हणायचे, "बघ, पठ्ठ्या कसा तयार आहे!" आणि दर वेळी मी रिकामाच. मला माझाच संशय यायला लागला. मी खरंच या घराचा आहे, की कुंपणाशी ठेवलेला नुसता आवाज आहे?

आईच्या खोलीत एक छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर होता, अडीअडचणीसाठी आणलेला. बाबांना तो परत करायचा होता. "आता हा आलाय ना!" असं म्हणत ते माझ्याकडे बोट करायचे. दचकीने सिलिंडर कपाटामागे ढकलला आणि पुढे इस्त्रीचे कपडे रचले. आईने ते पाहिलं होतं. पलंगावरून ती एवढंच म्हणाली, "राहू दे गं तिथे. मला काही दिसलं नाही."

आणि आज अंधार पडल्यावर वारा सुटला. कुठेतरी फांदी तुटली असणार. वीज गेली.

मी लगेच सुरू झालो. अगदी शहाण्यासारखा, एका दमात. मी वाट बघितली. खट् झालं नाही.

आत आईचं मशीन वीज गेल्याच्या इशाऱ्याने किंचाळायला लागलं. दचकी धावली. मागे मी धडधडतोय आणि घरात अंधार, हा प्रकार बाबांना समजेचना. "चालू तर आहे! ऐकू येतंय ना तुला? चालू आहे!"

तिने कपाटामागून सिलिंडर ओढला. इस्त्रीचे कपडे सगळे जमिनीवर. नळी बदलली, आईच्या डोक्याखाली उशी सरकवली, आणि आपला मोबाईल विजेरीसारखा पेटवून आईच्या हातात दिला. "सिलिंडरच्या काट्यावर धरून ठेव, आई. लाल पट्ट्यापाशी आला म्हणजे संपत आला, लगेच हाक मार."

"मी धरते. तू त्याला बोलाव," आई म्हणाली. तेवढ्या बोलण्यानेही तिला धाप लागली.

बाबा आपल्या फोनवरून वायरमनला फोन लावत होते. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, त्याने कापला. विक्रेत्याचा तर लागेचना. बाबा जिन्याखाली गेले आणि पेटीला हात घालणार, तोच दचकीने त्यांचं मनगट धरलं.

"हात नका लावू! लाल अक्षरं वाचा. आत करंट असेल."

"मग काय करू? नुसतं बघत बसू? तो उचलत नाहीये!"

तिने बाबांच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग एकदम दचकली. या वेळी कुठल्याही आवाजाने नाही. "बाबा, तुमचा नंबर त्याच्याकडे नाही. तो अनोळखी नंबर घेत नाही!"

ती आईकडे पळाली. आपला मोबाईल घेतला आणि बाबांचा पेटवून आईच्या हातात ठेवला. आईने काट्याकडे बोट दाखवलं. काटा लाल पट्ट्याच्या जवळ आला होता.

आता ती पेटीसमोर उभी आहे. फोन कानाला लावलाय. माझ्या पोटात भरपूर डिझेल आहे, अंगात अख्ख्या घराची ताकद आहे, आणि मी रिकामा धडधडतोय.

तुमच्या दाराशी माझा कोणी भाऊबंद असेल तर हात जोडून सांगतो, त्याच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. एकदा सगळी तयारी करून मेन बंद करा आणि बघा. आणि घरात कोणी दचकी असेल तर तिला हसू नका.

रिंग जातेय. पुन्हा जातेय. बाबा भिंतीला टेकलेत. आतून आईची हाक आली, अगदी बारीक.

आणि पलीकडे फोन उचलला गेला.

"आईचा ऑक्सिजन? बोला ताई, वीज गेली ना? पेटीसमोर उभ्या राहा, मी सांगतो तसं करा!"