एक बाजार आधी

“माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्या एका होकारावर किंवा नकारावर पुढच्या सात पिढ्यांचं भवितव्य ठरतं!” असं याकूब गावितनं विसरवाडीच्या चौफुलीवर जाहीर केलं आणि हातातली पंक्चर झालेली ट्यूब पाण्यात बुडवली. पाण्यातून बुडबुडे आले. भोक सापडलं.

“कोन्या पिढ्या, याकूबभाऊ?” समोरच्या टपरीवर चहा गाळत इंद्रसिंगनं विचारलं. “ह्या ट्रकवालान्या का?”

“मन्ही एस्तेरना इचार करी ऱ्हायनू.”

याकूबचं हे असं होतं. घरात तो डोंगरातल्या आपल्या बोलीत बोले, मूळच्या कोरीटच्या इंद्रसिंगशी अहिराणीत. पण सात पिढ्यांसारखं काही जड काढायचं झालं की आश्रमशाळेत शिकलेली मराठी बाहेर यायची, लग्नाला ठेवलेल्या सदऱ्यासारखी.

प्रकरण असं होतं. त्याची थोरली एस्तेर पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकली आणि तिला पुढं मातीचाच अभ्यास करायला स्कॉटलंडच्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. डोंगराच्या पायथ्याला इतकी माती असताना ती बघायला तिकडं कशाला, हा प्रश्न विचारून गाव दमलं होतं. व्हिसा आला होता, तिकीट काढायचं बाकी होतं, आणि परवा विद्यापीठाचा ईमेल आला. वर्ग भरण्याआधी नव्या मुलांचं ओरिएंटेशन असतं. परदेशातल्या मुलांसाठी त्याच्याही आधी चार दिवस प्री-ओरिएंटेशन असतं. सक्ती नाही. यायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत फॉर्म भरा.

“म्हणजे ओळख करून द्यायच्या आधी ओळख करून देणार,” याकूबनं समजावलं.

“लगीनना आधी साखरपुडा ऱ्हास, तसं,” इंद्रसिंग म्हणाला. “आनि खर्चा?”

“ऱ्हानं-जेवनं फुकट.”

इंद्रसिंगनं गाळणी हवेतच थांबवली. “फुकट? मंग काहीतरी माल इकी ऱ्हायनात त्या.”

खरी अडचण वेगळीच होती. या चार दिवसांसाठी जायचं, तर एस्तेरला पुढच्या महिन्यात ठरल्यापेक्षा आधी, एका गुरुवारीच निघावं लागणार. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी तिच्या निरोपाची प्रार्थना ठरलेली. पास्टरांना सांगून झालं होतं, चौदा गावांच्या नातेवाइकांना आवतण गेलं होतं. याकूबच्या बायकोनं, रूपीबाईनं, त्यासाठी पाळलेला लाल कोंबडा पावसाळाभर मक्याचे दाणे खाऊन इतका मातला होता, की अंगणात माणसांनाच बाजूला सरकून चालावं लागे. निरोप समारंभ आहे एवढं त्यालाही कळलं असावं; कोणाचा, ते मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी याकूब जेवायला घरी आला तेव्हा एस्तेर ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती.

“वाच बरं, काय काय शिकवणार ते,” तो हात धुता धुता म्हणाला.

“पहिला दिवस, विद्यापीठ दाखवणार. दुसरा, रस्ता कसा ओलांडायचा, बसमध्ये कसं चढायचं.”

“तुला? सुरत हायवे ओलांडून दहा वर्षं शाळेत गेलीस तू! त्यांच्या ड्रायव्हरांना पाठव म्हणावं इकडं.”

“तिसरा दिवस, डोंगर चढायचा, पावसात चालायचं, उघड्यावर चूल पेटवून स्वयंपाक.”

याकूबनं बायकोकडं बघितलं. रूपीबाई ताडपत्री ताणलेल्या उघड्यावरच्या चुलीशी बसून भाकरी भाजत होती. डोंगर मागंच उभा होता, पाऊस सकाळपासून सुरू होता.

“तुझी आई जन्मभर प्री-ओरिएंटेशनमध्येच आहे की गं,” तो म्हणाला. “चौथा दिवस?”

एस्तेरनं स्क्रीन खाली सरकवली. “घरची आठवण आली तर काय करायचं.”

रूपीबाईनं भाकरी उलटली नाही. तव्यावरची भाकरी एका बाजूनं काळी झाली. “ते आता तिकडचे लोक शिकवणार?” ती म्हणाली. “नको जाऊस गं. चार दिवस जास्त राहा घरात. सगळ्यांबरोबर पहिल्या दिवशी पोच, बास.”

याकूबलाही हेच म्हणायचं होतं. सात पिढ्या वगैरे सगळं घरातल्या त्या चार दिवसांसाठीच होतं. त्यानं मान हलवायला सुरुवातही केली.

“पुण्याला मी पहिल्याच दिवशी पोचले होते, आई,” एस्तेर मोबाइलकडं बघत म्हणाली. “बाकीच्या आधीच आलेल्या, तोवर सगळ्यांच्या मैत्रिणी जमल्या होत्या. दिवाळीपर्यंत मेसमध्ये एकटी जेवले. जेवल्यावर ताट कुठं ठेवायचं तेही कुणाला विचारलं नाही. दुसऱ्यांचं बघून ठेवायचे.”

“कधी बोलली नाहीस,” याकूब म्हणाला.

“तुम्ही रोज फोनवर विचारायचात, जेवलीस का. जेवलेली असायचे ना.”

याकूबची मान हलता हलता मध्येच थांबली. तो पुढची अर्धी भाकरी काही न बोलता जेवला. घरात असं क्वचित घडे, म्हणून रूपीबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

ताप नव्हता. त्याला त्याची आश्रमशाळा आठवली होती.

त्याच्या लहानपणी घरात कॅलेंडर होतं, पण ते चित्रासाठी. दिवस मोजायचे ते विसरवाडीच्या आठवडे बाजारावर. मास्तर सांगून गेले होते, तीन बाजार झाले की पोराला आणून सोडा. ते सांगून गेले तो दिवसच बाजाराचा होता, आणि याकूबच्या बापानं तोही धरला. याकूब आठ दिवस आधीच शाळेत पोचला. तिथं कुलपं, गवत आणि स्वयंपाकीण कमलबाई. बाप पोराला घेऊन माघारी फिरायला तयार नव्हता, कमलबाई म्हणाली, “आलाय तर राहू दे.”

त्या आठ दिवसांत कमलबाईनं त्याला सगळं दाखवलं. कोणत्या हापशाचं पाणी गोड, कोणत्या खाटेवर छत गळतं. आणि शाळेतली दोन कुत्री. काळं दिवसभर भुंकायचं, ते काही करत नसे. दारात डोळे मिटून पडलेलं गरीब पिवळं होतं, ते चावायचं. आठव्या दिवशी साठ पोरं रडत आली, तेव्हा याकूब फाटकात उभा राहून ओरडत होता, “काळं नाही रे, पिवळं! पिवळं!” ज्यांना हे पटलं नाही असे तिघं नवापूरच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथून पुढं सहा वर्षं त्या शाळेत याकूबच्या शब्दाला वजन होतं.

त्यानं ताट सरकवलं. “जा तू. मीही आश्रमशाळेत एक बाजार आधीच पोचलो होतो.”

“पण तुम्हीच म्हणता ना, आजोबांची मोजायला चूक झाली होती?”

“चूक कसली? प्री-ओरिएंटेशन होतं ते.”

“आणि रविवार?” रूपीबाई म्हणाली. “प्रार्थना?”

“बुधवारी ठेवू.”

“बुधवारी कोण ठेवतं?”

“देव बुधवारी मोकळाच असेल की. गर्दी असते ती रविवारी.”

रूपीबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. धूर नसतानाही तिनं पदरानं डोळे पुसले. मग करपलेली भाकरी नवऱ्याच्या ताटात टाकून म्हणाली, “चौदा गावांना फोन तुम्ही लावायचे.”

म्हणजे ठरलं.

एस्तेरनं फॉर्म उघडला. नाव, पासपोर्ट, कोणत्या दिवशी पोचणार, सगळं झालं. शेवटी एक चौकट उरली. आपली काही विशेष गरज किंवा विनंती असल्यास कळवा.

“थांब,” याकूब म्हणाला. तो उभा राहिला, सदरा खाली ओढला आणि घसा साफ केला. आश्रमशाळेची मराठी येणार हे ओळखून रूपीबाईनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. एस्तेरनं बोट तयार ठेवलं.

“लिही. कृपया, आपल्याकडील चावणारं कुत्रं कोणतं, तेवढं पहिल्याच दिवशी दाखवावे.”