रिकामा खण

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात शहाण्णव खण आहेत. आपली कहाणी सांगताना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. पण मित्रांनो, तुम्हा माणसांवर माझा आता काडीचा विश्वास नाही.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळ्यांतून मला बनवलं. "एवढ्याशा खणांत ठेवणार काय मास्तर, मुंग्या?" त्याने विचारलं.

"शब्दांचे तुकडे," मास्तर म्हणाले. सुताराने मान हलवून रंधा उचलला.

मास्तरांनी प्रत्येक खणात पुठ्ठ्याची एक चिठ्ठी ठेवली. पुढे तुकडा. मागे त्याचा अर्थ, त्याखाली एक उदाहरण, आणि तो शब्द पहिल्यांदा ज्याने सोडवला त्याचं नाव. वर्गात अवघड शब्द आला की अर्थ विचारायचा नाही, आधी माझ्याकडे यायचं.

"मास्तर, 'अपरिवर्तनीय' हा शब्द आहे की मालगाडी?"

"मालगाडीच. मग डबे सोडव की!"

मग पोरं माझ्यावर तुटून पडायची. अ म्हणजे नाही, परिवर्तन म्हणजे बदल, शेवटचा ईय म्हणजे करण्याजोगं. जे बदलता येत नाही ते! कौतुक पोरांचं व्हायचं आणि कडी माझी तुटायची. मोठेपणी त्यांतलं एकही पोर माझ्या बिजागरीला तेल घालायला फिरकलं नाही.

सगळ्यांत हट्टी मास्तरांची मुलगी. मास्तर तिला 'दुर्निवार' म्हणायचे. दुर् म्हणजे कठीण, निवार म्हणजे आवरणं. माझ्या चिठ्ठ्यांमागे सर्वांत जास्त वेळा तेच नाव आहे. म्हणूनच तिच्यावरचा राग माझ्याने गिळवत नाही.

मास्तर आजारी पडले. दवाखान्यातून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'उपशामक उपचार'. तिने तो शब्द उभ्या उभ्या सोडवला. उप, जवळ. शम, शांत होणे. अक, करणारा. जवळ राहून दुखणं शांत करणारा. बरं करणारा तुकडा त्यात कुठेच नव्हता.

"बाबांना सांगायचं नाही," तिचा दादा म्हणाला. "विचारलं तर म्हणायचं, बरं करणारं औषध आहे."

"कागद वाचतील ना ते."

"वाचू देत. एवढा मोठा शब्द कुणाला कळतोय?"

हे त्या घरात म्हणावं! दादा गेल्यावर तिने मला उघडलं, 'शम'ची चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये टाकली. ज्याने चिठ्ठी लिहिली, त्याच्यापासून चिठ्ठी लपवली. एवढी शिकलेली बाई, आणि अक्कल बघा!

दुसऱ्या दिवशी मास्तर भिंत धरत माझ्यापाशी आले. तो शब्द त्यांना कागद हातात घेताच फुटला होता. त्यांना फक्त एक बघायचं होतं. रिकाम्या खणात त्यांनी बोट घातलं आणि तसेच उभे राहिले. पोरीलाही ठाऊक आहे, हे त्यांना कळलं.

ते तिची वाट बघत राहिले. ती रोज उशाशी बसायची, पाय चेपायची आणि म्हणायची, "बाबा, पुढच्या महिन्यात फिरायला जाऊ हं."

"जाऊ की," मास्तर म्हणायचे.

पाच आठवडे दोघं एकमेकांशी असंच खोटं बोलली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मास्तर गेले. तेराव्या दिवशी ती चिठ्ठी परत ठेवायला आली, चोरी कुणाला कळू नये तशी. पण खण भरलेला होता. त्यात नवी चिठ्ठी होती, थरथरत्या अक्षरातली. तिने ती उलटली.

'शांत होणे. उदाहरण : उपशामक. सोडवला : दुर्निवारने.'

ती जमिनीवर बसली. मी तिची समजूत घातली नाही. घालायची कशाला?

आता त्या खणात दोन चिठ्ठ्या आहेत आणि तो नीट मिटत नाही. मित्रांनो, मला तेल घाला किंवा घालू नका, वाळवी लागू द्या हवं तर. पण घरात कुणी एखादा अवघड शब्द घेऊन बसलं असेल, तर त्याच्या हातातला तुकडा काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि दोघं मिळून सोडवा.