पोटातलं काडतूस

मित्रांनो, मी जुनी आहे, स्वस्तातली आहे आणि माझ्या अंगावर साधा क्रमांकही नाही. घडवलं मला एका कारखान्यानं, पण नाव कोरलं ते मला विकणाऱ्या लोखंडी सामानाच्या दुकानाचं. लहान काडतुसाची, एका वेळी एकच गोळी घेणारी बंदूक मी. साध्या लाकडाचा दस्ता अक्रोडाचा वाटावा म्हणून तपकिरी रंगवलेला. केंटकीच्या डोंगरात माझ्या जातीच्या बंदुका दाराआड झाडूशेजारी उभ्या असत आणि त्यांना मानही झाडूइतकाच मिळे.

माझा मालक एल्झी स्टॅम्पर. खारी, ससे, कोंबड्यांवर टपलेले कोल्हे, पुष्कळ रक्त सांडलं मी त्याच्या हातून. त्याची मुलगी नेवा मात्र माझ्याशी खेळायची. बाप शेतात गेला की बोल्टमागचा घोडा ओढून ताणायची, खिडकीतून कावळ्यांवर नेम धरायची आणि रिकामाच चाप दाबायची. टक्. टक्. आम्हाला ते सोसत नाही. आमची पिन काडतुसाच्या कडेवर ठोका देते. काडतूसच नसलं की ती नळीच्या पोलादावर आपटते आणि बोथट होत जाते. एक दिवस एल्झीनं ते पाहिलं. "माझी बंदूक बिघडवतेस, कार्टे?" म्हणत त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि पोरीच्या पाठीची सालटी काढली.

थंडी पडली आणि डुकरं मारायचा दिवस आला. शेजारी जमले, अंगणात पाणी उकळू लागलं. कपाळावर नेमक्या जागी गोळी बसली की डुक्कर जागीच कोसळतं. पण एल्झी सकाळपासून प्यालेला. गोळी जबड्यात घुसली. डुक्कर किंचाळत, रक्त उडवत अंगणभर धावलं.

"अरे एल्झी, मारतोयस की मुका घेतोयस?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. त्याची बायको ऑर्फाही हसली. एल्झीनं कुऱ्हाडीच्या पाठीनं त्या डुकराचं डोकं इतकं ठेचलं, की हसणारे दोन पावलं मागे सरले.

संध्याकाळी शेजारी आपापला वाटा घेऊन गेले. ऑर्फा चुलीवर चरबी कढवत होती.

"हसलीस ना? चारचौघांत हसलीस?" एल्झीनं माझ्या दस्त्याचा तडाखा तिच्या खांद्यावर घातला. तिचं हाड मोडलं आणि माझा दस्ता चिरला. मग त्यानं काडतूस भरलं, घोडा ओढला आणि माझं तोंड तिच्या कपाळाला लावलं. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. समोर खार आहे की कुणाची आई, हे मला कुणी विचारत नाही. मी भयंकर घाबरले होते.

टक्.

ठोका पोचट पडला. एल्झीनं पुन्हा घोड्याला बोट लावलं, तेवढ्यात ऑर्फानं धड राहिलेल्या हातानं ओगराळंभर उकळती चरबी त्याच्या तोंडावर फेकली. कातडी सोलवटलेला चेहरा धरून तो गुरासारखा ओरडत बर्फात पळाला, तो पुन्हा त्या घरी आला नाही. टेबलाखाली लपलेल्या नेवाला वाटलं, बाप दारूच्या नशेत काडतूस भरायलाच विसरला.

ऑर्फानं मला दारावरच्या खिळ्यांवर ठेवलं. "कुणी हात लावायचा नाही. आला परत तर असू दे." बिचारी माझ्या भरवशावर झोपायची. मी धूळ खाल्ली, गंजले, आणि ते काडतूस माझ्या पोटात तसंच राहिलं.

ऑर्फा गेली. केस पिकलेल्या नेवानं मला वर्लिनच्या बंदुकांच्या दुकानात नेलं. दोघं एका शाळेतले.

"बघ रे, हिचे काही पैसे येतील का?"

वर्लिननं मला उलटंसुलटं केलं. "नाव दुकानाचं आहे, पण चापाखालची ही पत्र्याची कमान बघ. कारखाना ओळखला मी. क्रमांक नाही, म्हणजे क्रमांक सक्तीचे होण्याआधीची. दस्ता चिरलेला, काडतूस भरायचा बोल्ट गंजून बसलेला. नेवा, भिंतीवर टांग. जुनीपानी शोभेची वस्तू, तुझ्यासारखी."

"तोंड सांभाळ, म्हाताऱ्या."

"चाप तरी चालतो का बघू." त्यानं घोडा ओढला. माझं तोंड नेवाच्या पोटाकडे होतं. असं काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटू शकतं, हे मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं.

"रिकामी वाजवू नकोस!" नेवानं त्याचं मनगट धरलं. "त्यापायी मी पट्ट्यानं मार खाल्लाय."

हसत त्यानं मला भिंतीकडे वळवलं, घोडा हळूच खाली सोडला आणि नळीतला गंज बघायला सळई घातली. सळई पुरती आत जाण्याआधीच अडली. कुठवर गेली ते मोजायला त्यानं ती बाहेरून नळीला लावून बघितली आणि त्याचं हसू मावळलं.

"नेवा, मागे हो. हिच्या पोटात काहीतरी आहे."

बोल्टला तेल पाजून, बराच वेळ थांबून त्यानं मला उघडलं आणि चाकूच्या टोकानं काडतूस काढलं. हिरवट पडलेलं, कडेवर एक पुसट खळगा. नेवानं ते तळहातावर घेतलं आणि ती स्टुलावर बसली.

"म्हणजे त्यानं भरली होती," ती म्हणाली.

"पिन पार बोथट झालीय, म्हणून हे पेटलं नाही. कुणीतरी रिकामी वाजवून वाजवून वाट लावलीय हिची. नवी बसवू? किंमत वाढेल."

"मी वाजवली." नेवा रडत होती. "हात लावायचा नाही त्या पिनेला."

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी सापडली तर तिला हात लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि त्यानंही किंमत नंतर करावी, आधी तोंड माणसांपासून वळवून पोट उघडून बघावं. नेवानं मला घरी नेऊन तेल लावलं आणि पुन्हा दारावर ठेवलं. मी आता रिकामी आहे. पिन अजून बोथटच आहे.