घाम वाळेपर्यंत

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते आगीचे नऊ दिवस, लागला का आमच्या पोंभुर्ण्याकडं माणूस अर्धा झोपेत अन् अर्धा जागा राह्यते. दुपारी कोणाच्याबी घरी जा, दार लोटलेलं, आत अंधार, कुलर घरघर करून राह्यला अन् सारे आडवे. कोणी काई बोललं तं ते खरंच बोललं का मी सपनात ऐकलं, हे मले संध्याकाळपर्यंत समजत नाई. म्हणून मी आता जे सांगून राह्यली त्याच्यात थोडं इकडंतिकडं झालं तं मले धरू नका. पण माझ्या सुनेचं जे सांगून राह्यली ते अक्षर न् अक्षर खरं हाय.

माझी सून मोनाली. जिवतीकडची, डोंगरावरची पोट्टी. तिकडं भर मे महिन्यात बी रात्री वारा सुटते म्हणते. फाल्गुनात लग्न होऊन आली अन् लगेच आमचा उन्हाळा तिच्या वाट्याले आला. पाठभर घामोळ्या उठल्या, तोंडाची चव गेली. कुलरपुढं बसवली तं दमट होते म्हणे, कुलर बंद केला तं भट्टी. दुपारी फरशीवर पाणी टाकाची अन् त्या वल्या फरशीवरच निजून जायची. बोलणं आधीच कमी, ते बी बंद झालं. "काय होते वं तुले?" म्हणलं तं "काई नाई आई." ह्या काई नाईचा मले लय राग येते. काई नाई तं मग तोंड काऊन सुकलं?

मग तिच्या मायचा फोन आला. पोरीले उन्हाळाभर पाठवा, मिरग झाला का आणून सोडतो. मी होय म्हणली. नाई कशी म्हणन? त्याच सांजेले पोट्टीनं बॅग भरून ठेवली. शेजारची अंजनाबाई, तिच्या जिभेले काई हाड नाई, कुंपणावरून म्हणते कशी, "रंभाबाई, माझ्या भाच्याची बायको बी अशीच उन्हाळ्यापुरती गेली होती. आता तिचा दुसरीकडं पाट लागला." मी म्हणली, तुझ्या भाच्याचे गुणच तसे. तिले गप्प केलं, पण स्वतःले कशी करू? मले ती पोट्टी पायजे होती. माझ्या पोराले, अजयले, किती पायजे होती ते तो जाणे, मले पायजे होती. पहाटे ती चहा ठेवत होती अन् मी अंगणात भांडे घासत होती, दोघी काईच बोलत नव्हतो, तरी मले घर भरल्यासारखं वाटे. ती गेली अन् आलीच नाई तं मी काय करन, याचाच घोर लागला.

अजयच म्हणला, "आई, चंद्रपूरच्या पुढं नवीन पार्क झाला. पाणीच पाणी. तिले तिथी नेऊ का?" मी म्हणली, ने, अन् मी बी येतो, अन् तुझ्या बापाले बी घे. एक दिवस जिवाले गारवा भेटला तं पोट्टीचं मन लागन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आता आमच्याकडं उन्हाळ्यात कोणतंबी काम म्हणजे पहाटेचं. मोहफुलं वेचा, तेंदूपत्ता तोडा, नाईतर लग्नाचा बाजार करा. कोंबड्याच्या बांगेले निघाचं अन् ऊन चढाच्या आत घर गाठाचं. ते अंगातच भिनलं हाय. म्हणून मी साऱ्यायले अंधारातच उठवलं. अजय डोळे चोळत म्हणे, "एवढ्या लवकर काऊन?" म्हणलं, ऊन चढाच्या आत खेळून वापस येऊ. तो बिचारा झोपेत होता, त्याले बी पटलं. जंगलातल्या रोडनं गाडी चालली, खिडकीतून गार हवा आली, अन् मोनाली माझ्या खांद्यावर डोकं टाकून निजली. तो रोड संपूच नये असं मले वाटत होतं.

दिवस निघता निघता आमी पार्कपाशी. गेट बंद. गेटवर प्लास्टरचा एक मोठा वाघ, जबडा उघडून बसलेला. चौकीदार नळावर दात घासून राह्यला होता. तो म्हणते, "मावशी, अकराले खुलते."

"अकराले? भर उन्हात?" मी म्हणली. "तुमचा मालक इथला नाई वाटते."

तो हासला अन् चूळ भरून आत निघून गेला. गाडी लावाच्या जागेत एकच बाभूळ होती, तिच्याखाली आमी बसलो. बाभळीची सावली म्हणजे गाळणीतली सावली. आमचा बुढा, म्हणजे अजयचा बाप मुखरू, आल्या आल्या आडवा झाला अन् घोरू लागला. त्याले कुठीबी झोप लागते. हळूहळू रोड तापला. रोडावर पाणी दिसाले लागलं, खरं नाई ते, उन्हात दिसते तसं. त्या पाण्यातून गाड्या येऊन राह्यल्या होत्या, आधी नुसते लायटं दिसे, मग गाडी दिसे. मी माझा दुपट्टा वला करून मोनालीच्या डोक्याले बांधला. पाण्याची बाटली तिच्याच हातात देली. मी तं घराबाहेर निघाली का पाणीच पेत नाई. बाईमाणसाले आडोशाले बसाले जागा कुठी भेटन याचा काई नेम नाई, जलमभर अशीच सवय लागली.

गेट खुललं तवा डोक्यावर ऊन आलं होतं. आत पाय ठेवला अन् मी दोन मिनिटं उभीच राह्यली. निळं पाणी, वरून निळं पाणी घसरून येऊन राह्यलेलं, खोटे डोंगर, खोटी झाडं, अन् साऱ्या पार्काच्या भोवतालून एक नदी केलेली. नदी बी खोटीच, पण पाणी आपसूक चालून राह्यलं होतं अन् लोक ट्यूबवर पडून डोळे मिटून वाहात होते. मोनालीचा चेहरा पाह्यला. लग्नापासून मी तिचे डोळे एवढे मोठे कधी पाह्यले नव्हते. तिनं चपला काढल्या अन् पाण्याकडं निघाली.

मी तिचा हात धरला. म्हणली, "बस इथी. आधी घाम वाळू दे."

आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाले एकदम पाणी देत नाई. आधी सावलीत बसाचं, गुळाचा खडा तोंडात टाकाचा, घाम वाळला का मग घोटघोट पाणी. अन् घामेजल्या अंगानं गार पाण्यात जाणं म्हणजे तं आजारालेच बोलावणं. माझ्या मायनं मले हेच शिकवलं, मी अजयले हेच शिकवलं. पण अजय काय ऐकते? तो तवापर्यंत घसरगुंडीवर चढला होता, अन् त्याच्यामागं बुढा, धोतर सोडून भाड्याची चड्डी घातलेला. म्हातारपणी चळ दुसरं काय. सून मात्र बसली. मोठ्या छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, माझ्या बाजूले, गुळाचा खडा तोंडात घेऊन.

घाम काई वाळेना. वारा नव्हता, खाली सिमेंटची फरशी तापून राह्यली होती. मी तिच्या मानेवरून पदर फिरवे, पाहे, तं मान पुन्हा वली. "आणखी थोडं," मी म्हणे. ती मान हलवे अन् पाण्याकडं पाहे. तिच्या गालावरून दोन थेंब खाली आले. मी समजली घाम हाय.

छत्रीची सावली सरकली तशी मी तिची खुर्ची सावलीत सरकवली अन् मी उन्हात आली. गाणे वाजून राह्यले होते. लेकरं ओरडून राह्यले होते. मग मले दिसलं का माझ्या हातावरचा घाम वाळला. दंडावर हात फिरवला तं कोरडा ठाक. मले लय बरं वाटलं. मी म्हणली, "पाह्य, माझा वाळला, आता तुझा बी वाळन." असं म्हणली का म्हणाची राह्यली, ते मले आठवत नाई. गाणे दूर गेले. छत्री हळूच वर चालली, अन् तो गेटवरचा वाघ पाणी प्याले खाली उतरला.

मग कोणीतरी ओरडलं. एवढा मोठा आवाज कोणाचा म्हणून मी पाहू लागली, तं तो माझ्या सुनेचा.

"साडीवर पाण्यात चालत नाई," शिट्टीवाला गार्ड म्हणून राह्यला होता.

"बाजूले हो," मोनाली म्हणली. "माझ्या आईले ऊन लागलं."

तिनं मले काखेत हात घालून वढलं अन् अंगावरच्या कपड्यानिशी त्या नदीत उतरली. त्या गार्डनंच मग ट्यूब आणून माझ्या डोक्याखाली देली. पाणी काई बरफासारखं गार नव्हतं, विहिरीच्या पाण्यावानी होतं. पण माझ्या कानात पाणी गेलं अन् दुनियेचा आवाजच बंद झाला. वर नुसतं आभाळ. पाणी मले घेऊन चाललं. माझ्या मानेखाली एक हात होता, अन् दुसरा हात कपाळावर पाणी टाकत होता.

तो हात मायचा होता. मी सावली गावाले होती, माझ्या माहेरी, वैनगंगेत. उन्हाळ्याची नदी, धार एका काठाले गेलेली, अन् बाकी सारी वाळू. माय वाळूत डांगरायच्या वेलाले पाणी घालून राह्यली होती. झिरा खणला का खालून पाणी येते, ते आधी गढूळ अन् मग निवळ होते, ते ओंजळीनं माझ्या डोक्यावर टाकून राह्यली होती. मी नवी नवरी होती. मी तिले म्हणली, माय, मले घेऊन जा. मले तिथी गरम होते. मले तिथी कोणी बोलत नाई. घेऊन जा ना वं माय. ती नुसतं पाणी टाकत राह्यली, अन् वाळू, वेल, काठावरचे झाडं सारे मागं मागं चालले. मले वाटलं आता असंच जावं.

जागी झाली तं पार्कातल्याच एका खोलीत खाटेवर होती. वर पंखा. कोणीतरी पावडरचं मीठ-साखरेचं पाणी करून आणलं होतं अन् मोनाली चमच्यानं पाजून राह्यली होती. केसातून पाणी गळत होतं तिच्या, बोटं गार पडले होते, अन् तोंडावर अशी टवटवी, का मले माझ्या दुखण्याचंच बरं वाटलं. अजय दाराशी उभा, हातात माझ्या चपला धरून. बुढा बाहेर कोणाले तरी सांगून राह्यला होता, का आमची सून होती म्हणून वाचली.

मी अजयले बाहेर पाठवलं. तिले म्हणली, "मोनाली, तू उद्याच माहेरी जा. मी अडवत नाई."

तिनं आणखी एक चमचा माझ्या तोंडाशी आणला, मी तो बाजूले केला.

"तू वापस येशीन का नाई, याचं मले भेव होतं. म्हणून इथी आणलं तुले. आता नाई वाटत भेव. नाई आली तरी चालन, पण तिथी गार राह्य." नाई आली तरी चालन हे खोटं होतं, अन् ते तिले समजलं.

तिनं चमचा वाटीत ठेवला. म्हणली, "तुमी बी चला."

"कुठी?"

"जिवतीले. माझ्या घरी."

"येडी का तू? सासू कधी सुनेच्या माहेरी राहाले जाते का? एक दिवस पाहुणचाराले जाते, लुगडं घेते अन् सांजेले वापस येते. लोक काय म्हणतीन? ती अंजनाबाई साऱ्या गावात डफडं वाजवन."

"वाजवू द्या." लग्नापासून ती मले उलटून एवढं कधी बोलली नव्हती. मग खाली पाहून म्हणली, "पाण्यात तुमी मायले हाका मारत होत्या आई. घेऊन जा म्हणत होत्या."

माझी माय जाऊन लय वर्षं झाले. भावानं घर इकलं, तो तिकडं तेलंगणात निघून गेला. माझ्या माहेराच्या अंगणात आता दुसऱ्याच्या गाई बांधल्या राह्यते. मी सावलीवरून जाणाऱ्या बशीत बसली तं त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाई. हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, बुढ्यालेबी नाई.

"माझी माय हाय ना," मोनाली म्हणली. "ती दोघींचं माहेरपण करन."

तिसऱ्या दिवशी आमी निघालो. बुढ्याले अन् अजयले म्हणलं, रांधून खा नाईतर उपाशी राहा. अंजनाबाई कुंपणाशी उभीच होती, तिले मी स्वतः सांगितलं, माहेरी चालली म्हणून. कोणाच्या, ते नाई सांगितलं. घाटात बस चढू लागली अन् मोनाली खिडकीतून एकेक गाव दाखवू लागली, इथी मामा राह्यते, इथी शाळा होती, इथी आमी बोरं खाल्ले. तिचं तोंड बंदच होत नव्हतं. मले झोप येत होती अन् नव्हती, ऐकत होती.

घर उंचावर होतं. तिची माय दारातच उभी होती. माझ्याहून चारपाच वर्षं लहानच असन ती बाई. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते, का विहीणबाई, तुमाले तरास देतो, दोन दिवस राहतो अन् जातो. तिनं बोलूच देलं नाई. लेकीच्या आधी माझ्या हातातली पिशवी घेतली, माझ्या तोंडावरून हात फिरवला अन् म्हणली, "आल्या का पोरीहो?"

मी तिच्या दारात उभी राहून लहान लेकरावानी रडली.