लाल खुणेची छतं

अमरावतीच्या एका ऑफिसात माहेनूर दोन वर्षं उपग्रहाच्या फोटोंवर खुणा करत होती. आधी वरूडकडच्या संत्राबागा होत्या. वाळलेलं झाड तिला चटकन ओळखू यायचं. मार्चमध्ये एका परदेशी कंपनीचं काम आलं. लढाई चाललेल्या कुठल्याशा शहराचे फोटो होते आणि सूचना एकच होती, छतावर मोठी डिश दिसली की लाल खूण करायची.

गुरुवारी नवे फोटो आले. सोमवारी तिनं लाल केलेल्या एका इमारतीच्या जागी करडा ढिगारा होता. तिच्या खुणेमुळेच तसं झालं, हे कोणी सांगू शकलं नसतं. तिच्यामुळे झालं नाही, हेही नाही. पुढच्याच छतावर डिश होती आणि अंगणात ॲम्ब्युलन्स ओळीनं उभ्या होत्या.

ती उठून मॅनेजर गोवर्धनसरांकडे गेली.

"सर, हा दवाखाना आहे. मी याले लाल करत नाही."

"आपण फक्त खुणा करून राहिलो, माहेनूर. पुढचं ते पाहतील."

"डिश तर दवाखान्यालेही लागते, फौजेलेही लागते. फरक कोण करते? त्यायले विचारा ना, फोटो कशासाठी पाह्यजे ते."

"काम जाईल आपलं."

"जाऊ द्या. पण विचारा."

गोवर्धनसरांनी त्या कंपनीला मेल लिहायला घेतला. तोवर माहेनूर आपल्या जागी बसून मागच्या चार दिवसांची प्रत्येक लाल खूण उघडत गेली. एकेकीखाली तिनं लिहिलं, 'इथे सामान्य माणसं असू शकतात. खात्री केल्याशिवाय वापरू नये.' जेवायलाही ती उठली नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. दवाखाना खुणा करायच्या यादीतून काढला होता. फोटो कशासाठी हवेत, ते सांगायला नकार होता. पुढच्या सोमवारी काम दुसऱ्या ऑफिसला गेलं आणि माहेनूरलाही घरी बसायला सांगितलं गेलं.

बुधवारी बार्शीटाकळीच्या घरून ती अकोल्याला कौशल्या वकीलबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ऑफिसचा करार वाचला.

"गुप्ततेची सही आहे तुझी. बोललीस तर तुझ्यावरच केस होऊ शकते. आणि अशा खुणांबद्दल कायदा अजून धड बोलत नाही."

"मग त्याले बोलतं करू, मॅडम. कुठून सुरू करायचं ते सांगा."

वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "आधी तारखा सांग."

"पहिली खूण, दहा मार्च," माहेनूर म्हणाली.